आटलेल्या मनाची उपासना

शरीराचा थकवा आणि भावनांचा शीण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राबून दमलेले माणूस रात्री झोपते आणि सकाळी पुन्हा उभे राहते. मनाने आटलेले माणूस झोपून उठले तरी आटलेलेच असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखनापासून या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव रूढ झाले. क्रिस्टिना मास्लाक यांनी पुढे तिचे तीन घटक वेगळे केले: भावना संपून जाणे, ज्यांची सेवा करायची त्यांच्याविषयीच मन कोरडे होणे, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटत राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ही अवस्था आजारांत न धरता कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवली. श्रद्धावंताच्या बाबतीत या तिन्हींत आणखी एकाची भर पडते. प्रार्थनाही कोरडी होते. ज्या ठिकाणी जाऊन आजवर बळ मिळाले, तिथे जाण्याचेच बळ उरत नाही.

पेच इथून सुरू होतो. प्रार्थना आणि उपासना रेटून चालू ठेवावी, तर ओठ हलतात आणि मन हलत नाही. तो खोटेपणा वाटतो. थांबवावी, तर उरलासुरला आधार आपल्याच हाताने सोडल्यासारखे होते. ख्रिस्ती परंपरेने या पेचावर पुष्कळ विचार केला आहे आणि त्या विचारातून एकच एक उत्तर निघालेले नाही. दोन्ही बाजूंना त्यांचे पुरते वजन मिळावे म्हणून हा विचार इथे दोन माणसांच्या बोलण्यातून मांडला आहे. ही दोन माणसे कल्पिलेली आहेत. एक, मिशन रुग्णालयात बरीच वर्षे नोकरी केलेली ज्येष्ठ परिचारिका; ती मंडळीच्या गायनपथकात आहे आणि रविवारी शब्बाथ शाळाही घेते. दुसरे, तिच्या मंडळीचे वयस्क पाळक. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांत शुश्रूषेचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, म्हणून परिचारिकेची निवड. दिवसभर दुसऱ्याचे दुःख ऐकणे हेच ज्यांचे काम, त्यांचे मन आटण्याचा संभव मोठा.

पाळक साहजिकच वचनापासून सुरुवात करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशू कष्टी आणि ओझ्याखाली दबलेल्या माणसांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देऊ करतो. कितीतरी देवळांच्या भिंतींवर ते वचन रंगवलेले असते.

“पाळकसाहेब, ते वचन मला तोंडपाठ आहे,” परिचारिका म्हणते. “विसाव्याच्या पाठोपाठ त्यात जू येते. माझे जू आपणावर घ्या, असे लगेच पुढे आहे. खांद्यावरचे एक ओझे उतरवून दुसरे ठेवणार असाल, तर त्याला विसावा का म्हणायचे?”

“ताई, जू दोघांचे असते. दुसऱ्या बाजूला प्रभू स्वतः असतो.”

“हे मी प्रवचनात ऐकले आहे. मूळ वचनात दुसरा बैल नाही.”

तिचे म्हणणे खरे आहे. जू सोपे आहे आणि ओझे हलके आहे, एवढेच तिथे सांगितले आहे. जोडीला कोण, हे प्रवचनकारांनी भरलेले आहे. पाळक हे मान्य करतात. ते मान्य केल्यामुळेच संवाद पुढे सरकतो. थकलेल्या माणसाला वचनात नसलेले सांत्वन वचनाच्या नावावर दिले, तर तेवढ्यापुरते बरे वाटते. पुढच्या वेळी मात्र त्या माणसाचा वचनावरचाच विश्वास उडालेला असतो.

मग पाळक १ राजेच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे वळतात. या विषयावर बायबलमधील सर्वांत भरीव मजकूर हाच आहे. तो सावकाश वाचायला हवा. एलीयाने कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर विजय मिळवला. त्यानंतर ईजबेल राणीचा एक निरोप आला आणि तोच माणूस जीव घेऊन पळाला. बैरशेबात त्याने चाकराला मागे ठेवले, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. इतक्या मोठ्या विजयानंतर ही अवस्था का यावी, याचे कारण मजकुरात दिलेले नाही. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. एलीयाला शिवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही पुन्हा खायलाच सांगतो, आणि कारण देतो की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे.

“देवदूताने विश्वास कमी पडला असे म्हटले नाही,” पाळक म्हणतात. “प्रार्थना वाढव असेही म्हटले नाही. आधी भाकर, मग झोप, मग पुन्हा भाकर.”

“आणि त्यानंतर चाळीस दिवस चाल,” परिचारिका म्हणते. “पाळकसाहेब, आमच्याकडेही असेच असते. नाइट ड्यूटी संपल्यावर चहा मिळतो, पाठीवर हात ठेवला जातो, आणि संध्याकाळी पुन्हा तोच वॉर्ड. कामाला परत जुंपायचे म्हणून खाऊ घातले, तर ती माया कोणावर? माणसावर की कामावर?”

हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. सेवेला सर्वोच्च मोल देणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेत विश्रांती ही पुढच्या सेवेची तयारी होऊन बसते आणि माणूस साधन होतो. पाळक त्यावर होरेब डोंगरावरच्या गुहेतील प्रसंग पुढे ठेवतात. एलीया होरेबास पोचतो. तिथे वारा, भूकंप, अग्नी हे सगळे होऊन जाते, परमेश्वर त्यांपैकी कशातच नसतो, आणि शेवटी एक मंद, शांत वाणी येते. प्रवचने बहुधा इथे थांबतात आणि शांततेत देव भेटतो असा बोध काढतात. मजकूर मात्र पुढे जातो. या वाणीआधी परमेश्वराने त्याला तू इथे काय करतोस असे विचारले होते आणि एलीयाने तक्रार सांगितली होती: मी ईर्ष्येने तुझे काम केले, लोकांनी करार मोडला, मी एकटाच उरलो, माझाही जीव घ्यायला बघतात. वाणीनंतर तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. एलीया तेच उत्तर, जवळजवळ शब्दाला शब्द, पुन्हा देतो.

“म्हणजे देव भेटूनही त्याच्या मनात काही हलले नाही,” परिचारिका म्हणते.

“तसेच दिसते.”

“मग भेटीचा उपयोग काय झाला?”

या प्रश्नाचे उत्तर एलीयाच्या मनात मिळत नाही. पुढे जे घडते त्यात मिळते. त्याला तीन कामे सांगितली जातात: हजाएलास अभिषेक, येहूस अभिषेक आणि आपल्या जागी अलीशास अभिषेक. शिवाय बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, हे सांगितले जाते. एकटाच उरलो या तक्रारीला दिलेला हा सरळ जबाब आहे. या तिन्ही कामांपैकी एलीया स्वतः फक्त अलीशाकडे गेल्याचे वर्णन आहे. बाकीची दोन पुढे अलीशाच्या हातून मार्गी लागतात. थकलेल्या संदेष्ट्याला कामावर परत पाठवले हे खरे आहे. त्याचबरोबर त्याचे काम दुसऱ्याच्या खांद्यावर जाण्याची व्यवस्थाही तिथेच झाली आहे.

हे एकच उदाहरण असते तर त्यावर फार भार देता आला नसता. गणनाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांच्या रडगाण्याला इतका विटतो की हे सगळे लोक मला एकट्याला वाहवत नाहीत, त्यापेक्षा मला मारून टाक, असे परमेश्वराला म्हणतो. त्यालाही धीराचा उपदेश मिळत नाही. सत्तर वडील जमव, असे सांगितले जाते. मोशेवरचा आत्मा त्यांच्यावर वाटून ठेवला जातो. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हेच सांगतो: तू झिजून जाशील, आणि लोकही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपावरून कुरकूर सुरू होते तेव्हा सात जण निवडले जातात. बायबलमध्ये आटलेल्या माणसावर जो उपाय पुन्हा पुन्हा दिसतो, तो भावना परत आणण्याचा नाही. तो कामाच्या वाटणीचा आहे. ख्रिस्ती प्रवचनांत ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. सांगायला हवी, कारण तिचा परिणाम सांत्वनापेक्षा खोलवर पोचतो. आत्मिक नूतनीकरण हवे असलेल्या माणसाला पुष्कळदा आधी ड्यूटीचा तक्ता बदलून हवा असतो.

परिचारिकेला हे पटते, पण तिचा मूळ प्रश्न यात आलेला नाही. तक्ता बदलेल, वॉर्डात आणखी एक सिस्टर मिळेल. देवळात उभे राहून गाताना जे होते, त्याचे काय?

“मी गाते, आणि मला काही वाटत नाही,” ती म्हणते. “समोर बसलेल्यांना वाटते मी देवाशी बोलते आहे. ओठांनी मान देणारे आणि हृदयाने दूर असलेले लोक, असे यशयाने म्हटले आणि प्रभूनेही तेच परूश्यांना ऐकवले. मी त्यातलीच नाही का?”

“परूशी दिसावे म्हणून करत होते. तुम्ही दिसावे म्हणून करता का?”

“नाही. पण दिसते तर आहे. आणि मी ते दिसू देते.”

“तुम्ही करता ते निष्ठेने करता. भावना गेल्यावरही टिकते ती निष्ठा. घरात आजाऱ्याची सेवा करताना रोज प्रेम उचंबळून येत नाही. सेवा तरी चालते, आणि तिला कोणी ढोंग म्हणत नाही.”

“आजाऱ्याला मी माझे मन उचंबळले आहे असे सांगत नाही. औषध देते, बस. इथे मात्र गाण्याचे शब्दच मन उचंबळल्याचे असतात. हातात औषध नाही आणि दिले म्हणते, असे ते आहे.”

पाळकांची तुलना इथे मोडते. कृती आणि शब्द यांत फरक आहे: कृती भावनेविना खरी राहू शकते, पण भावना सांगणारे शब्द भावनेविना खरे कसे राहतील? प्रोटेस्टंट मंडळींत हा प्रश्न अधिक टोचतो, कारण या परंपरेने अंतःकरणाच्या अनुभवाला मोठी जागा दिली आहे. जॉन वेस्ली यांनी २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आपले हृदय अनपेक्षितपणे ऊबदार झाल्याचे नोंदवले आणि त्या अनुभवाच्या साक्षीभोवती मेथडिस्ट चळवळ वाढली. महाराष्ट्रात १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी सांभाळलेल्या मुलींमध्ये संजीवनाची लाट आली. रडणे, पापांची उघड कबुली, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना, हे सगळे तिथे झाले आणि मराठी मंडळींच्या आठवणीत राहिले. अशा वारशात वाढलेल्या माणसाचे डोळे संजीवन सभेत कोरडे राहिले, तर आपल्यातच काही खोट आहे असे त्याला वाटते.

या वारशाची दुसरी बाजू मात्र सांगायची राहून जाते. याच वेस्लींनी १७६६ मध्ये भाऊ चार्ल्स यांना लिहिलेल्या पत्रात आपण देवावर प्रेम करत नाही, कधी केलेच नाही, असे लिहिले आहे. ज्यांच्या ऊबदार हृदयावर एक संप्रदाय उभा राहिला, त्यांनी अठ्ठावीस वर्षांनंतर हे लिहिले, आणि तरी प्रवास आणि प्रवचने थांबवली नाहीत. रमाबाईंनीही १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत सांगितले आहे की १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांची शारदासदन ही संस्था याच काळात, १८८९ मध्ये, सुरू झाली.

“रमाबाईंनी निदान ते छापून सांगितले,” परिचारिका म्हणते.

“नंतर सांगितले, ताई. मिळाल्यावर. चालू असताना सांगणे कठीण असते.”

“म्हणूनच विचारते. मिळाल्यावरची साक्ष सगळे देतात. न मिळताना सांगायला मंडळीत कुठे जागा आहे?”

पाळक स्तोत्रसंहितेचे नाव घेतात. तिच्यातील विलापाची स्तोत्रे बहुधा शेवटी कुठेतरी वळतात. स्तोत्रकर्ता रडतो आणि अखेरीस स्तुतीवर येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते. असे स्तोत्र उपासनेच्या ग्रंथात ठेवणाऱ्यांना हे ठाऊक असले पाहिजे की मंडळीत त्या अवस्थेची माणसे असतात आणि त्यांनाही म्हणण्यासाठी शब्द हवेत. परिचारिकेच्या आक्षेपाला हे खरे उत्तर आहे: भावना नसताना भावनेचे शब्द उसने घेऊ नयेत, भावना नसल्याचे शब्द घ्यावेत. तेही शास्त्रातच आहेत. वेस्ली किंवा रमाबाई यांच्या उदाहरणांपेक्षा हे उत्तर अधिक उपयोगाचे आहे, कारण ते तिला थोर होण्याची अट घालत नाही.

तरी ती थांबत नाही. मदर तेरेसांचे नाव या चर्चेत कधी ना कधी येतेच आणि पाळकही ते घेतात. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली. कोलकात्यातील कामाच्या सुरुवातीच्या काळापासून १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, १९५८ मधील थोडे आठवडे सोडले, तर त्यांना देवाचे अस्तित्व जाणवत नव्हते, असे त्या पत्रांतून दिसले. ती पत्रे नष्ट करावीत असे त्यांनी स्वतः सांगितले होते. २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केले.

“हे मला धीर म्हणून सांगू नका,” परिचारिका म्हणते. “जवळजवळ पन्नास वर्षे! आणि एक विचारते. देव जवळ वाटला तर तो देवाचा अनुभव. दूर वाटला तर तोही देवाचाच अनुभव, आणखी वरच्या पायरीचा. मग देव नाहीच असे ठरण्यासाठी काय घडावे लागेल? काहीच नाही. ज्या म्हणण्याविरुद्ध काहीच पुरावा चालत नाही, ते म्हणणे मला उचलून धरील कसे?”

पाळक पुष्कळ वेळ या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. विवाहातला विश्वास रोज पुराव्यावर तपासला जात नाही, असे म्हणून पाहतात; ती म्हणते, नवरा घरी येतो. देवाचे अस्तित्व आणि देवाची जाणीव या वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणून पाहतात. ती म्हणते, वेगळ्या असतील, पण मला जाणिवेखेरीज दुसरे दार कोणते? शेवटी ते क्रुसाकडे येतात. देवाने आपल्याला टाकले, हे शब्द स्वतः येशूच्या तोंडी मत्तय आणि मार्क यांनी ठेवले आहेत. त्या क्षणी त्याला जे जाणवत होते तेच अंतिम सत्य मानले, तर ख्रिस्ती विश्वासाला उभे राहायला जागाच उरत नाही. म्हणून या विश्वासात जाणीव हा निकाल मानलेला नाही. हे उत्तर आतून सुसंगत आहे. जो आधीच आत आहे त्यालाच ते पटते, ही त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे. परिचारिका ते खोडत नाही आणि स्वीकारतही नाही. ते उत्तर तसेच राहते.

बोलणे इथून एकाएकी शरीराकडे वळते, आणि वळायलाच हवे होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस यांनी साधकाला छळणाऱ्या आठ विचारांत ‘अकेडिया’ नावाचा एक विचार सांगितला. दुपारी तो येतो, सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधक पुन्हा पुन्हा खोलीबाहेर डोकावतो, कामाचा, जागेचा, सोबत्यांचा तिटकारा येतो. जॉन कॅशियन यांनी हे वर्णन पुढे युरोपातील मठांत नेले. उपाय मुख्यतः दोन: जागा सोडू नये आणि हाताने काम करावे. इजिप्तच्याच वाळवंटातील साधू अँथनी यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते. अशाच कोरडेपणात त्यांना एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, मग पुन्हा दोर वळायला बसत होता. असेच कर, असे अँथनी यांना सांगण्यात आले.

“त्यांचा शीण रिकामपणाचा होता,” परिचारिका म्हणते. “माझा कामाचा आहे. खोलीत बसून कंटाळलेल्याला दोर वळायला द्या. बारा तास वळून आलेल्याला तोच उपाय सांगू नका.”

वाळवंटातील साधूंचा उपाय सगळ्यांना सरसकट सांगितला जातो, त्यामुळे ही दुरुस्ती महत्त्वाची आहे. अवस्था ओळखणे आधी, उपाय नंतर. सोळाव्या शतकातील स्पॅनिश कार्मेलाइट क्रुसाचे योहान यांनी हेच केले. डिसेंबर १५७७ ते ऑगस्ट १५७८ या काळात ते तोलेदो इथे स्वतःच्याच संघातील लोकांच्या कैदेत होते. ‘अंधारी रात्र’ ही कल्पना त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. आज कोणत्याही उदासीला ती चिकटवली जाते. त्यांनी मात्र खरी अंधारी रात्र ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही आणि जगाच्या गोष्टींतही नाही; तरी आपण देवाची सेवा करत नाही याची चिंता मनाला लागून असते; आणि पूर्वीसारखे मनन जमत नाही. हा कोरडेपणा शरीरातील विकारातून, विषण्णतेतूनही येऊ शकतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या साधूने जी काळजी घेतली, ती आजच्या पाळकाने न घेणे अक्षम्य आहे. झोप उडाली, भूक मेली, मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरकडे जाणे ही विश्वासातील उणीव नाही. ज्या मंडळींत औषध घेणे म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास असे अजूनही बोलले जाते, तिथे हे ठासून सांगायला हवे. त्या बोलण्याने माणसांचे नुकसान होते.

“मरणाचे विचार येतात का, ताई?” पाळक सरळ विचारतात.

“नाही. झोप मात्र उडाली आहे.”

“मग आधी डॉक्टर. आपले बोलणे नंतर होईल.”

दुसरा धोका निर्णयांचा असतो. आटलेले माणूस सगळे एकदम सोडायला निघते: नोकरी, मंडळी, लग्नही. इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये मानरेसा इथे इतके नैराश्य आले होते की त्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले. १५४८ मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात असा नियम आहे की कोरडेपणाच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये. परिचारिका लगेच विचारते की जिथे पिळवणूक होते तिथेही माणसाने चिकटून राहावे काय. नियम नीट वाचला तर तसे निघत नाही. मन शांत असताना, समाधानाच्या काळात केलेला निश्चय तेवढा तो राखायला सांगतो. कमी माणसांमुळे लादलेली सलग नाइट ड्यूटी हा कोणाचाच निश्चय नसतो. ती बदलून मागायला काही हरकत नाही, आणि मेट्रनला तसे लेखी कळवायलाही.

शेवटचा प्रश्न मंडळीचा. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, दारात गर्दी असते म्हणून छप्पर उसकटतात आणि त्याला खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे म्हटले आहे. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल मजकूर गप्प आहे. पाळकांना यात आधार दिसतो: ज्याचा विश्वास आज चालत नाही, त्याला इतरांचा विश्वास वाहून नेऊ शकतो. पौलाने गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहायला सांगितले. परिचारिका आठवण करून देते की त्याच अध्यायात, दोनतीन ओळी खाली, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा असेही आहे. आणि मंडळीत पहिले वचन पुरुषांच्या वाट्याला येते, दुसरे बायकांच्या. स्वयंपाक, शब्बाथ शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, गाणे, सगळे त्याच चार बायकांवर. खाट उचलणारे चौघे कोण, आणि त्यांना कोणी उचलायचे?

पाळकांना इथे बचाव नाही. मोशेचे सत्तर वडील त्यांनीच पुढे केले होते. तो हिशेब मंडळीला लावला, तर तिच्या कामाची वाटणी करणे हे त्यांचे आणि कमिटीचे काम ठरते. परिचारिकेच्या प्रार्थनेचा त्याच्याशी संबंध उरत नाही. शब्बाथ शाळेला दुसरी शिक्षिका आणि गायनपथकातून काही काळ सुटी, एवढे ते कबूल करतात.

“मग प्रभुभोजनाला येऊ की नको?” ती विचारते. “काही वाटत नसताना हात पुढे करायचा?”

“भाकर भुकेची खातरी करून दिली जात नाही, ताई. देवदूतानेही एलीयाला भूक लागली का असे विचारले नव्हते.”

“येईन. पण साक्षीच्या वेळी मला उठवले, तर खरे सांगेन. सध्या मला काही वाटत नाही, हेच सांगेन. मंडळी ते ऐकून घेईल?”

पाळक लगेच हो म्हणत नाहीत. आपल्या मंडळीने आजवर तसे कधी ऐकलेले नाही, असे ते सांगतात. पुढच्या रविवारच्या वाचनात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घालू का, असे ते विचारतात. ते शेवटपर्यंत वाचा, पुढे लगेच स्तुतीचे गीत लावू नका, एवढीच अट ती घालते.